बारक्याची लाल गोळी

ऐका. लाइट यायला अजून लई वेळ आहे, आणि मोटार काही तुमच्या तोंडाकडं बघून चालू होणार नाही. तेव्हा शेकोटीजवळ सरका आणि गप ऐका. गेणू, ती काटकी आत ढकल, धूर सगळा माझ्याच डोळ्यांत येतोय. हां, आता बरं.

मघाशी कोण म्हणत होतं, काळडोहाच्या उतारानं नदी ओलांडली की कुरणवाडी जवळ पडते म्हणून? तूच ना? जवळ पडते, खरं आहे. आमच्या अनसालाही तसंच वाटलं होतं. तिचीच गोष्ट सांगते.

अनसा म्हणजे माझी धाकटी जाऊ. आणि गोष्ट तिची एकटीची नाही, तिच्या बारक्याचीही आहे. बारक्या म्हणजे पोरगं नव्हे रे, ट्रॅक्टर! डाळिंबाच्या दोन ओळींमधून फांदीला धक्का न लावता जाईल एवढासा, तांबडा, जुनाट ट्रॅक्टर. एक सिलेंडर. बॅटरी नाही, सेल नाही. पुढून हँडल मारायचं, तेव्हा कुठं साहेब जागे व्हायचे. इंजिन चालू तर पुढचा दिवा चालू, इंजिन बंद की अंधार गुडूप. खालून थेंब थेंब ऑइल गळायचं. माझं सारवलेलं अंगण डागांनी भरलेलं असायचं, आणि मी रोज सकाळी त्याच्या नावानं बोंबलायची.

पण कामाला? काय सांगू! बागेत कुळवाची पाळी घालायचा, फवारणीचा पंप ओढायचा. पट्टा लावला की कडबा कापायचा, विहिरीचं पाणी उपसायचा. पट्टा तेवढा बदलायचा. माझा धाकटा दीर कोंडिबा त्याला पोटच्या पोरासारखा जपायचा. रोज फडक्यानं पुसणार, ऑइलची काडी काढून बघणार, धुळीची जाळी रॉकेलात धुणार. आणि अनसा त्याच्या शेजारी उकिडवी बसून सगळं बघणार. नुसतं बघणार कशाला, हात काळे करून घेणार. सासूबाई म्हणायच्या, ही बाई आहे का मेस्त्री?

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. बारक्याच्या इंजिनावर पाण्याची टाकी होती. चालता चालता ते पाणी उकळायचं, वाफ होऊन जायचं. टाकीवर तारेला एक लाल गोळी. पाणी भरपूर असलं की गोळी वर, पाणी कमी झालं की गोळी खाली. गोळी दिसेनाशी झाली की इंजिन जळायला आलं म्हणून समजा. आणि कोंडिबाचा एकच धोशा असायचा, "तापलेल्या इंजिनात गार पानी वतायचं न्हाई! ब्लॉक तडकंल! कॅन सायलेन्सरजवळ बांधायचा, पानी कोमट ऱ्हातं. इंजिन बारीक ठेवायचं, आन् बारीक धारंनं वतायचं. हळू, अनसे, हळू!" झोपेतसुद्धा बोलायचा मेला, हळू, हळू. मी भिंतीपलीकडून ऐकलंय.

त्या कोंडिबाला श्रावणात बागेत साप चावला. गाडीत घालून दवाखान्याकडं नेत होते, तर अनसाचा हात धरून काय म्हणाला असेल? "टाकीतलं पानी बघ." एवढंच. दवाखाना काही त्याला दिसला नाही.

चला. रडायचं नाही. पुढं ऐका.

आमच्या घरची एक रीत होती. खंडेनवमीला दिवस उगवताना सगळी अवजारं धुऊन अंगणात ओळीनं मांडायची. ज्याचं अवजार, त्यानंच त्याला कुंकू लावायचं. आणि जे अवजार त्या ओळीत नाही, ते पुढं घरात ठेवायचं नाही, काढून टाकायचं. मोडकं-तोडकं साठू नये म्हणून कुणा शहाण्यानं घातली असेल ही रीत. पण आमच्या मालकांनी त्या वर्षी तीच धरली. मालक म्हणजे माझे हे. नाव घ्यायला लावू नका. देवाघरी गेलेत, पण मी खोटं सांगणार नाही. माणूस वाईट नव्हता, हट्टी मात्र होता.

बारक्या दीर गेल्यापासून बंद. रिंगा गेलेल्या, धूर निळा यायचा, हँडल मारून मारून हात गळायचे. मालक म्हणाले, "त्येचा धनीच गेला. आता दसऱ्याला भंगारवाला गाडी घिऊन येतोय, दिऊन टाकू."

अनसा माजघरातनं म्हणाली, "पूजेच्या वळीत हुबा ऱ्हायला तर, भावजी?"

मालक हसले. "स्वताच्या चाकावर आला, तर ऱ्हाऊ दे की. बैलानं वडून आनलेला चालनार न्हाई, सांगून ठिवतो."

"सबूद द्या."

"दिला."

झालं! दुसऱ्या दिवशी बाई बारक्याला बैलांमागं बांधून माहेरी घेऊन गेली, कुरणवाडीला. तिथं तिच्या भावाचं छप्पर होतं आणि शेजारी लेथवाला. तिनं इंजिन उघडलं. स्वतः! नव्या रिंगा घातल्या, नोझल साफ केलं. इंजिनाचे वॉल, म्हणजे झडपा, घासताना बायका बघायला यायच्या, कारण ती काठी दोन तळव्यांत धरून ताक घुसळल्यासारखी घुसळत बसायची. हसल्या तिला. हसू दे. तिला एवढंच ठाऊक होतं, की बारक्या गेला तर कोंडिबाचं या जगात राहिलेलं शेवटचं माणूस गेलं. होय, माणूसच म्हणायची ती त्याला.

पण लेथवाल्यानं एक बूश घासून द्यायला अष्टमीची संध्याकाळ केली. ते बसवून, ऑइल भरून, डिझेलच्या नळीतली हवा काढून होईपर्यंत दिवस बुडाला. सकाळी पूजा! तिनं वरचा खटका उचलला, हँडल धरलं. अंगठा बाहेर ठेवून हां, मुठीत घातला तर हँडल उलटं फिरून मनगट मोडतं. गरागरा फिरवलं, खटका सोडला. धुक्. धुक्. धुक् धुक् धुक्! अख्खी कुरणवाडी बाहेर आली.

भाऊ म्हणाला, "तायडे, सडकेनं जा."

"सडकेनं लई लांब पडतं. ह्यो मानसाच्या चालीनं चालतो. दिवस उगवंल. उतारानं जाते."

"अगं, काळडोहात गिऱ्हा हाय, पान्यातलं भूत!"

"आसू दे की. मलाबी वाटंत कुणीतरी सोबतीला हवंच हाय."

ऐकलंत? अशी होती ती. आमची बाई कमरेला पदर खोचून, कॅन सायलेन्सरजवळ बांधून अंधारात निघाली.

थोडा वेळ बरं चाललं. मग करंजाच्या झाडाखाली एक म्हातारा उभा दिसला. घोंगडं पांघरलेला. हात पुढं करून म्हणतो, "बाय, जरा थांब. तंबाखू दे चिमूटभर."

आता गिऱ्हा तंबाखू मागतो, हे तुम्हाला माहीत आहे. तिलाही माहीत होतं. पण तिनं आधी बघितलं काय? त्याचं घोंगडं. पाऊस नाही, पाणी नाही, आणि घोंगड्यातनं पाणी गळतंय टपाटपा! तिनं कमरेची तंबाखूची पिशवी काढली आणि चालता चालता फेकली त्याच्या अंगावर.

"घे मेल्या. चालता ट्रॅक्टर थांबवायला मी काय खुळी हाय?"

म्हातारा हसला. थोडं पुढं गेली, तर करंजाचं झाड. झाडाखाली म्हातारा. "बाय, थांब की." पुन्हा पुढं गेली. पुन्हा करंज! पुन्हा म्हातारा! आणि दर खेपेला तो जरा उंच, जरा ओला. घोंगड्याखालून शेवाळाचा वास यायला लागला. वाट सरळ, आणि बाई गोल गोल! अरे, घाबरू नका, ती घाबरली का? घाबरली. खरं सांगते, घाबरली. पण घाबरण्यापेक्षा तिला राग जास्त आला. दर फेऱ्याला पाणी आटत होतं ना! लाल गोळी खाली खाली सरकत होती.

तिनं बारक्या अगदी बारीक केला, चोरबत्ती काढली, आणि खाली वाकून मातीवर उजेड पाडला. आणि हसली! मातीत काय होतं सांगा? ऑइलचे थेंब! बारक्याचे! काळे काळे, ओळीनं. माझं अंगण घाण करणारे तेच थेंब. करंजापाशी दोन वाटा फुटत होत्या. एक रुंद, मोकळी, चांदण्यात चकचकीत. तिच्यावर थेंबच थेंब, फेऱ्याफेऱ्याचे. दुसरीकडं वाटच नाही, काट्यांची ही मोठी भिंत. आणि त्या काट्यांपुढं मात्र एक थेंब नाही.

"हितनं मी गेलेच न्हाई, म्हंजी हीच माझी वाट," ती मोठ्यानं म्हणाली. म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं. "गळका म्हनून हसत व्हते समदे. हसा आता!"

आणि घातला की बारक्या काट्यांत! डोळे मिटले नाहीत हां तिनं. काटे अंगाला लागायच्या आत विरले. पुढं काळडोहाचा उतार. करंज मागं राहिला, आणि मागून असं काही ओरडलं म्हणता, बाभळीवरची पाखरं उठली.

आता पाणी ओतायला हवं होतं. पण ओतायचं म्हणजे थांबायचं, आणि मागं तो. तिनं ठरवलं, उतार ओलांडू, पलीकडच्या काठावर ओतू. डोहाच्या खालच्या अंगाला पाणी गुडघाभर असतं. बारक्या पाण्यात उतरला. मधोमध गेला. आणि रुतला.

रुतला कसला, धरला! मागची चाकं फिरायची थांबली. इंजिन घुसमटलं, काळा धूर. वाफ फसफसायला लागली. लाल गोळी? दिसेना. चोरबत्ती मारली तर तळाला एवढीशी.

आणि तेव्हा मागून आवाज आला.

"अनसे."

गप रे! कुणी हसू नका इथं. तो आवाज कोंडिबाचा होता. हुबेहूब. तिनं मान वळवली. कोंडिबा गुडघाभर पाण्यात उभा. तोच सदरा, ऑइलच्या डागांचा. खांद्यावर भरलेली घागर. आणि तिच्याकडं बघून हसतोय, जसा बागेतनं घरी येताना हसायचा.

काय झालं असेल तिला? तुम्ही पोरं, तुम्हाला काय कळणार. श्रावणापासून त्या आवाजासाठी तिचे कान आसुसले होते. मला सांगताना म्हणाली, "अक्का, त्ये भूत हाय हे मला ठावं व्हतं. तरी वाटलं, आसू दे भूत. उतरावं आन् जावं त्येच्यासंगं." तिचा एक पाय खाली सुटलासुद्धा.

कोंडिबा म्हणाला, "लई तापलाय गं. ये, उतर. झाकण काढ. डोहाचं पानी हाय, थंडगार. पटदिशी वतून टाकू. भडाभडा."

अनसाचा पाय हवेतच थांबला.

"काय म्हनालात?"

"गार पानी गं. भडाभडा वतू."

तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, आणि ती हसायला लागली. "आरं मुडद्या!" म्हणाली. "आवाज घेतलास, सदरा घेतलास, हसनं घेतलंस. पर तापल्या इंजिनात गार पानी? माझा नवरा मरताना दिकून असं बोलला नसता! कुनाला फसवतोस रे, शेवाळखाऊ? माझ्या नवऱ्याच्या तोंडात असलं बोलनं घालतोस?"

कोंडिबाचा चेहरा वितळला. खाली तोच, गिऱ्हा. केस मोकळे, अंग काळं, चिखलाचं. आणि झेपावला! पण तिच्यावर नाही बरं का. बारक्यावर! त्याला कळलं होतं हिचा जीव कुठं आहे ते. एका हातानं इंजिनाला मिठी मारली, दुसऱ्या हातानं घागर उचलली, टाकीवर ओतायला. एक धार पडली असती तर ब्लॉक फाट्‌दिशी दोन तुकडे!

टाकीच्या बुडाशी एक तोटी असते, पाणी सोडायची. अनसानं बसल्या जागेवरून पाय लांब केला, आणि टाचेनं ती तोटी उडवली.

उकळतं पाणी, आणि गिऱ्ह्याची छाती!

काय किंचाळला! घागर सुटली, चाकं मोकळी झाली. बारक्या असा उसळला की अनसा पडता पडता वाचली. तिनं वाकून पदरानं तोटी बंद केली, तळहात भाजला, तो डाग पुढं कधी गेला नाही. पण थोडं पाणी राहिलं होतं. बारक्या खडखडत, ठोके खात काठावर चढला. आवाज असा, की अजून दोन ढेंगा गेला तर कायमचा बंद पडेल.

आता थांबायलाच हवं होतं. मागं गिऱ्हा, पुढं तापलेलं इंजिन. तिनं इंजिन बारीक केलं. झाकण काढलं, वाफेचा लोट आला. कॅन सोडला. पाणी कोमट होतं. आणि ओतायला लागली.

कसं? बारीक धारेनं.

होय! मागं पाण्यातनं पावलं येत होती. चपक. चपक. आणि ही बारीक धारेनं ओततेय! हात म्हणत होता, उपड कॅन, उपड आणि पळ. पण तिनं उपडला नाही. तोंडानं पुटपुटत होती, "हळू, अनसे. हळू." मागं वळून बघितलं नाही. पावलं काठावर आली. शेवाळाचा वास मानेवर आला. हळू. केसातलं पाणी तिच्या खांद्यावर टपकलं. हळू. मागच्या मडगार्डवर थाप बसली, धप्प!

आणि लाल गोळी वर आली.

तिनं कॅन त्याच्या तोंडावर फेकला, गिअर टाकला, आणि बारक्या निघाला. धुक् धुक् धुक् धुक्. पलीकडचा काठ ही गिऱ्ह्याची हद्द, त्याच्या वर त्याला येता येत नाही. तो तिथंच उभा राहून तिचं नाव घेत राहिला, कोंडिबाच्या आवाजात. ती म्हणाली, "हाका मारीत बस आता, रातभर."

आम्ही अंगणात ओळ मांडली होती. नांगर, कुळव, कोयते, फवारणीचा पंप. पूर्वेला तांबडं फुटलं. मालक म्हणाले, चला, पूजेला लागा. आणि बांधावरून आवाज आला. मी तर ताट हातात घेऊन रडायलाच लागले. बारक्या आला, वाफा सोडत, स्वतःच्या चाकावर! आणि माझ्या सारवलेल्या अंगणात ओळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. एक थेंब गाळला. गाळ बाबा, म्हटलं, गाळ.

मालकांनी त्याची चाकं निरखून बघितली. मग म्हणाले, "आला खरा. सबूद दिलाय, मान्य. पर ज्येचं अवजार त्येनं कुंकू लावायचं. ह्येला कोन लावनार? धनी न्हाई. आन् तू..."

पुढचं ते बोलले नाहीत, पण अंगणातल्या सगळ्यांना कळलं. नवरा गेलेल्या बाईनं कुंकवाला हात लावायचा नाही. भावकी जमलेली. सगळे खाली बघत होते.

अनसा खाली उतरली. भिजलेली, काळी, हात भाजलेला. म्हणाली, "भावजी, राच्ची डोहात गिऱ्हा भेटला. त्येनंबी ह्योच डाव टाकला. माझ्या मालकाचं नाव पुढं करून मला ह्येच्यापसनं तोडायचा. त्येला भ्याले न्हाई, आन् तुमाला भिऊ व्हय?"

आणि तिनं हात पुढं केला, ताटाकडं. ताट माझ्या हातात होतं. मालक माझ्याकडं बघत होते. डोळे असे वटारले होते, म्हणत होते, मागं घे. जन्मात मी त्यांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते.

मी ताट पुढं केलं.

तिनं भाजलेल्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं आणि बारक्याच्या कपाळावर लावलं. पुढची सारी वर्षं तो डाळिंबाच्या बागेत राबला, आणि दर खंडेनवमीला तिनंच त्याला कुंकू लावलं. मालकांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मागच्या मडगार्डवर चिखलाची पाच बोटं उमटली होती, ती घासून निघेनात. रंग देणारा आला, तेव्हा अनसा म्हणाली, तेवढं सोडून रंगव.

बारक्या अजून गोठ्यात आहे. सकाळी उजेडात जा आणि बघा ती बोटं.

पण काळडोहाच्या उतारानं जायचं नाही, ऐकलंस? जवळ पडत असली तरी नाही. तो अजून तिथंच आहे, छाती भाजलेला, आणि आता त्याला तुमच्या घरातल्या सगळ्या मेलेल्यांचे आवाज काढता येतात. तुला हाक मारेल ना, तेव्हा ती खोटी आहे हे ओळखायला, तुझं माणूस जिवंतपणी काय बोलायचं ते तू नीट ऐकलेलं असायला हवं. आणि तू तर मी बोलतानासुद्धा मोबाइल बघत होतास.

उठा, लाइट आली. मोटार चालू करा. आणि आधी पाणी भरा तिच्यात. हळू.